श्रेष्ठ विज्ञानपट कोणता?

बडनेऱ्याहून अकोल्याकडे निघालेल्या गाडीत, कुरुम मागे पडून मूर्तिजापूर येईपर्यंत आणि मूर्तिजापूरहून गाडी हलल्यावर पुन्हा अकोल्याच्या फलाटापर्यंत, माझ्यात आणि माझ्या एका अकोलेकर स्नेह्यांत गेली दहा वर्षे जो वाद चालत आला आहे, तो शेताच्या बांधाचा नाही, राजकारणाचा नाही, की कापसाच्या भावाचाही नाही. आजवर निर्माण झालेल्या विज्ञानपटांपैकी सर्वश्रेष्ठ कोणता, एवढाच त्या वादाचा विषय आहे. माझे हे स्नेही डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात उभे आयुष्य मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि मी अमरावतीत भाषा शिकवून केस पांढरे केलेला. मातीच्या अभ्यासकाने आकाशाविषयी आणि व्याकरणाच्या शिक्षकाने यंत्रांविषयी इतक्या हिरिरीने का भांडावे, असा प्रश्न डब्यातील सहप्रवाशांच्या मुद्रेवर मला अनेकदा दिसला आहे. माझे त्यावर उत्तर असे की, भविष्यकाळाची जी चित्रे आपल्यापुढे मांडली जातात त्यांपैकी कोणत्यांनी नुसते दिपून जायचे आणि कोणती घरी नेऊन त्यांच्यावर विचार करायचा, याचा निवाडा करता येणे हे साक्षर समाजाचे एक आद्य लक्षण आहे. आणि तो निवाडा मुंबई-पुण्यातच व्हावा, अमरावती-अकोल्याने त्याची नुसती नक्कल रुजू करून घ्यावी, असा कोणताही हुकूम नाही.

या जुन्या वादाला २०२५ साली दोन निमित्तांनी धार आली. फेब्रुवारीत ख्रिस्तोफर नोलन यांचा 'इंटरस्टेलर' हा २०१४ चा चित्रपट भारतात पुन्हा पडद्यावर आला, आणि पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी जी मुले प्राथमिक शाळेत होती त्यांनी चित्रगृहे भरून टाकली. आणि मे महिन्याच्या २० तारखेला डॉ. जयंत नारळीकर पुण्यात निवर्तले. नारळीकरांचे स्मरण मी येथे केवळ श्रद्धांजली म्हणून करीत नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली तेव्हा जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव घरोघरी पोचलेले होते, आणि त्या नावाचा भार परीक्षकांच्या मनावर पडू नये म्हणून आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे नाव धारण केले. कथेला पहिले पारितोषिक मिळाले, ते जगताप या अनोळखी गृहस्थांना. गुणाचा निर्णय नाव झाकून व्हावा, ही जी कसोटी त्या थोर माणसाने स्वतःस लावून घेतली, तीच मी या वादापुरती प्रमाण मानतो. दिग्दर्शकाचे नाव झाकावे, ऑस्करांची संख्या झाकावी, तिकीटविक्रीचे कोटीकोटीचे आकडे झाकावेत. आणि सर्वांत कठीण म्हणजे, तो चित्रपट आपण ज्या वयात, ज्यांच्या सोबतीने पाहिला त्या वयाची आणि त्या सोबतीची गोडीही काही काळ बाजूस ठेवावी. मग जे पडद्यावर उरेल तेवढ्याचाच हिशेब करावा.

तत्पूर्वी एका मुद्द्याचा खुलासा आवश्यक आहे. विज्ञानपट म्हणजे ज्यात याने उडतात आणि यंत्रमानव बोलतात तो चित्रपट, अशी सैल व्याख्या केली, तर पुष्पक विमानापासून संजयाच्या दिव्यदृष्टीपर्यंत सर्व काही आपल्याकडे पूर्वीच होते, असे सांगणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक चर्चेत निघतोच. पुराणांची थोरवी मी मानतो. पण ती थोरवी त्यांच्या स्वतःच्या मापाची आहे आणि तिला विज्ञानाची उसनी सनद लागत नाही. विज्ञानकथेची माझी कसोटी अशी की, कथेतून विज्ञान काढून घेतले असता ती कोसळली पाहिजे. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधून याने आणि प्रकाशाच्या तलवारी काढून घेतल्या, तरी बंदिवान राजकन्या, वृद्ध गुरू, दुष्टाचा दुर्ग आणि तरुण वीर हे सर्व जागच्या जागी राहतात. म्हणून ती एक सुरेख परीकथा आहे, परंतु या खटल्यात तिला पक्षकार म्हणून उभे राहण्याचा अधिकार नाही. उलट ज्या कथेत प्रकाशाचा वेग, काळाची गती, ग्रहाचे गुरुत्व किंवा यंत्राची बुद्धी हीच घटना घडवून आणते, आणि तो नियम वेगळा असता तर पात्रांचे दैवही वेगळे झाले असते, तीच खरी विज्ञानकथा.

या कसोटीने पाहू गेल्यास मैदान पुष्कळ मोकळे होते. १९०२ साली, म्हणजे ज्या साली निजामाकडून वऱ्हाड प्रांत पंचवीस लक्ष रुपयांच्या वार्षिक मोबदल्यावर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांच्या हाती गेला त्याच साली, पॅरिसमधील जॉर्ज मेलिये या जादूगाराने चंद्राच्या डोळ्यात तोफेचा गोळा रुतवणारे आपले चिमुकले चित्र तयार केले. तो आद्य पुरुष, त्याला वंदन करून पुढे जावे. फ्रिट्झ लांग यांचा १९२७ चा 'मेट्रोपोलिस' मात्र वऱ्हाडी माणसाने उभे राहून पाहावा असा आहे. पाळी बदलण्याच्या वेळी खाली मान घालून, एका ठेक्यात पावले टाकीत भुयारात शिरणारे ते कामगार आणि दहा तासांचे ते घड्याळ पाहताना, अकोल्या-बडनेऱ्याच्या कापडगिरण्यांचे भोंगे ज्यांनी बालपणी ऐकले आहेत आणि जिनिंगमध्ये सरकीच्या धुळीत पांढरी झालेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना भाषांतराची गरज पडत नाही. या चित्रपटाचा हरवलेला मोठा भाग २००८ साली अर्जेंटिनातील ब्युनॉस आयरिसच्या एका संग्रहालयात सापडला, आणि ऐंशी वर्षांनी कृतीला तिचे बहुतेक अवयव परत मिळाले. तरीही तिचा शेवट, मालक आणि मजूर यांचे हात हृदयाने जोडून देणारा, मला विचाराच्या मानाने फार सोपा वाटतो. तार्कोव्हस्की यांचा १९७२ चा 'सोलारिस' माझ्या मते द्वितीय स्थानाचा मानकरी आहे. परंतु तो ग्रहाचा कमी आणि शोकाचा अधिक असल्यामुळे, ज्याच्या कादंबरीवरून तो निघाला त्या स्तानिस्लाव लेम यांनाच तो रुचला नाही, हे मला समजू शकते.

आपल्या भूमीचा या इतिहासाशी आलेला संबंध आपणच विसरून गेलो आहोत, याची येथे खंत नोंदवितो. सत्यजित राय यांनी १९६२ साली 'संदेश' मासिकात 'बंकूबाबूर बंधू' ही कथा लिहिली आणि पुढे १९६७ मध्ये, बंगालच्या खेड्यातील कमळांच्या तळ्यात उतरलेल्या परग्रहावरच्या पाहुण्याची 'द एलियन' नावाची पटकथा हॉलिवूडसाठी तयार केली. ती कधीच पडद्यावर आली नाही, आणि न झालेल्या चित्रपटांत तिच्याइतके दुःख मला दुसऱ्या कशाचे नाही. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा १९७७ चा 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आठवत असेल की त्यात एका भारतीय जनसमुदायाला, तो नाद तुम्ही कोठून ऐकला असे विचारताच, हजारो हात एकदम आकाशाकडे उंचावतात. पडद्यावर तो उत्तर हिंदुस्थान म्हणून दाखविला आहे. प्रत्यक्षात ते चित्रीकरण रायगड जिल्ह्यात, खालापूरजवळच्या हाळ या गावी झाले. जगाच्या चित्रपटसृष्टीतील त्या विलक्षण क्षणी आकाशाकडे दाखविलेली बोटे महाराष्ट्रातील खेडुतांची आहेत, आणि हे आपल्या शाळांतून कोणी सांगत नाही.

अमरावतीपुरते बोलायचे तर, चित्रपट-व्यवसायाच्या दफ्तरांतून 'सी. पी. बेरार' हे मुलखाचे जुने नाव प्रांत मोडून गेल्यावरही हयात राहिले आहे, आणि अमरावती हे त्या मुलखातील वितरणाचे एक जुने ठाणे. चित्रा चौक, श्याम चौक ही नावे उच्चारताना टॉकीजची आठवण न येणारा माझ्या पिढीचा अमरावतीकर विरळा. परंतु विज्ञानपट आमच्याकडे खऱ्या अर्थाने सर्वांचा झाला तो १९९४ साली, 'ज्युरासिक पार्क' हिंदी बोलत आला तेव्हा. त्या खेळाला माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी धोतराचा सोगा दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवलेला मला अजून आठवतो. पेल्यातील पाण्यावर एक बारीक वलय उठले आणि सबंध टॉकीजचा श्वास थांबला. त्याच वर्षीच्या एप्रिलच्या १५ तारखेला मूर्तिजापूरच्या शकुंतला गाडीचे, १९२१ साली मँचेस्टरला घडविलेले वाफेचे इंजिन सेवेतून निवृत्त झाले. म्हणजे एका युगाचा प्राणी आमच्या रुळांवरून नाहीसा होत असताना, कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसा झालेला प्राणी आमच्या पडद्यावर चालू लागला होता.

त्या चित्रपटावर टीका करणारे मला भेटतात. परंतु त्याचे एक ऋण मी मान्य करतो. तो पाहिल्यानंतर कित्येक वर्षांनी मला कळले की मोर्शी तालुक्यातील सालबर्डीच्या परिसरात, जेथे महाशिवरात्रीला आपण महादेवाच्या दर्शनाला जातो, तेथल्या लॅमेटा नावाच्या खडकथरांतून डायनोसोरांची अश्मीभूत हाडे मिळाली आहेत. आणि ज्या काळ्या मातीत आपण कापूस पेरतो ती माती सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसोरांच्या अंतकाळाच्या आगेमागे, दख्खनवर पसरलेल्या लाव्हाची लेक आहे. पडद्यावरून घरी परतल्यावर आपल्याच पायांखालची जमीन ज्यामुळे निराळी दिसू लागते, तो चित्रपट क्षुद्र म्हणता येत नाही. तरी भीती आणि पाठलाग यांत त्याचा अर्धा वेळ खर्ची पडतो, म्हणून प्रथम स्थानाचा दावा मी फेटाळतो.

आता माझ्या स्नेह्यांची कैफियत. ते 'इंटरस्टेलर'चे वकील आहेत, आणि त्यांची वकिली मी जितकी प्रामाणिकपणे मांडू शकेन तितकी मांडतो, कारण तिच्यात बळ आहे. त्यांचे म्हणणे असे की, जगातल्या बहुतेक विज्ञानपटांचा आरंभ प्रयोगशाळेत नाही तर यानात होतो. हा एकच थोर चित्रपट वावरात सुरू होतो. पिकांवर करपा पडलेला, गहू गेलेला, एका शेजाऱ्याची भेंडी पेटवून दिली जाते आणि ती जगातली अखेरची भेंडी असते. उरला आहे तो फक्त मका, आणि त्याच्यावरही धुळीचे लोट येत आहेत. शाळेचा अधिकारी नायकाला सांगतो की जगाला अभियंते नकोत, शेतकरी हवेत. आणि त्याच शाळेच्या पुस्तकात माणूस चंद्रावर गेलाच नव्हता असे छापलेले असते. आरंभीच नायक आपल्या मुलांना घेऊन मक्याच्या शेतातून ज्या चालकरहित विमानाचा पाठलाग करतो, ते विमान भारताचे आहे. दिल्लीचे नियंत्रण-केंद्र दहा वर्षांपूर्वी बंद पडले तरी ते एकटेच उडत राहिले आहे. नोलन यांनी या चित्रणासाठी कॅनडातील अल्बर्टा प्रांतात सुमारे पाचशे एकर मका खरोखर पेरला आणि नंतर विकला, हे सांगताना माझ्या स्नेह्यांचा चेहरा खुलतो. त्यांनी हा चित्रपट आपल्या बाळापूरकडच्या एका चुलतभावाला दाखविला, धुळीचे वादळ आले तेव्हा तो शेतकरी पुटपुटला, "हे त आपलंच वावर हाय." एवढा दाखला, माझे स्नेही म्हणतात, कोणत्याही समीक्षकाच्या ग्रंथाहून वजनदार आहे.

दुसरा त्यांचा मुद्दा शास्त्राचा. प्रचंड गुरुत्वाच्या सान्निध्यात काळ मंदावतो, हा आइनस्टाइनचा सिद्धान्त येथे केवळ संवादात येत नाही. त्या जलमय ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, आणि थोड्या तासांच्या विलंबाने परतलेला बाप तेवीस वर्षांचे साठलेले निरोप पाहत बसतो, ज्यांत त्याची मुले त्याच्या डोळ्यांदेखत मोठी होतात आणि अखेर त्याच्याशी बोलणे सोडून देतात. ज्यांची मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला गेली आहेत, अशा वऱ्हाडातल्या किती घरांतून हे दृश्य कोरड्या डोळ्यांनी पाहिले जाईल? विज्ञान काढून घेतले तर हे दृश्यच राहत नाही; म्हणजे माझी कसोटी ते माझ्यावरच उलटवतात. चित्रपटातले कृष्णविवर किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाच्या समीकरणांवरून रेखाटले गेले आणि त्या रेखाटनातून पुढे शोधनिबंधही प्रसिद्ध झाले. या थॉर्न यांना गुरुत्वीय लहरींच्या शोधाबद्दल २०१७ साली दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. आणि त्याच लहरी टिपणारी भारतातील वेधशाळा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची, वाशीम जिल्ह्याला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि त्या कार्यात सहभागी असलेली पुण्याची 'आयुका' ही संस्था उभारली नारळीकरांनीच. १९७४ ची ती 'कृष्णविवर' कथा, २०१४ चा हा चित्रपट आणि आपल्या सीमेवरची ती वेधशाळा, ही एकच रेषा आहे, असा माझ्या स्नेह्यांचा युक्तिवाद. तो ऐकताना, खरे सांगतो, माझेही मन भरून येते.

आणि तरीही मी त्यांच्या बाजूने फैसला देऊ शकत नाही. याचे कारण चित्रपटाच्या उत्तरार्धात आहे. जे गणित इतक्या निष्ठेने मांडले, ते ऐन मोक्याच्या क्षणी सोडून देऊन, प्रेम हेच मितींच्या पलीकडे जाणारे एक बल आहे, असा निर्वाळा तेथे दिला जातो, आणि कृष्णविवराच्या पोटात बापाला आपल्या लेकीच्या पुस्तकांच्या फडताळामागची जागा सापडते. बाप-लेकीचे प्रेम मला प्रिय आहे. पण निसर्गाचा नियम आपल्या मायेकडे पाहून वाकत नाही, हेच तर विज्ञानाने माणसाला दिलेले सर्वांत कडू आणि सर्वांत मोलाचे ज्ञान, आणि तेच येथे हरवते. याहून गंभीर आक्षेप दुसरा. ज्या वावरात हा चित्रपट सुरू होतो त्या वावराला तो शेवटी सोडून देतो. मातीला काय झाले, करपा कशाने आला, तो हटवता येईल काय, याचा शोध घेण्यासाठी त्या कथेत कोणी मातीचा शास्त्रज्ञ उभाच राहत नाही. सगळी बुद्धी पृथ्वी सोडून जाण्याच्या तजविजीत खर्च होते. माझ्या स्नेह्यांना मी विचारले, "तुम्ही चाळीस वर्षे जे केलेत, त्याला या कथेत जागा कोठे आहे?" मूर्तिजापूर येईपर्यंत ते बोलले नाहीत.

माझा पक्ष १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'चा. स्टॅन्ली कुब्रिक आणि श्रीलंकेत स्थायिक झालेले लेखक आर्थर क्लार्क यांनी मिळून तो रचला. परंतु नावे झाकण्याचा करार मी केला आहे, तेव्हा फक्त पडद्याकडे पाहू. आरंभीची जवळजवळ पंचवीस मिनिटे एकही शब्द उच्चारला जात नाही. ओसाड माळावर वानरसदृश पूर्वजांची एक टोळी पाण्याच्या डबक्यासाठी दुसऱ्या टोळीशी कुरकुरते आहे, बिबट्या त्यांच्यावर झडप घालतो आहे, आणि एका पहाटे त्यांच्यामध्ये एक काळा, गुळगुळीत, निर्विकार शिलास्तंभ उभा असतो. त्यानंतर त्यांपैकी एकाच्या हाती मेलेल्या जनावराचे हाड येते आणि हे हाड मारण्याच्या कामी येते, हे त्याच्या ध्यानात येते. माणसाचे पहिले अवजार आणि पहिले हत्यार एकच होते. विजयाच्या उन्मादात ते हाड आकाशात भिरकावले जाते, आणि ते खाली येत असतानाच, पुढच्या दृश्यात, त्याच्या जागी पृथ्वीभोवती फिरणारे यान असते. लक्षावधी वर्षांचा इतिहास त्या एका सांध्यात मिटून जातो; आणि हाडापासून यानापर्यंत आपण किती पुढे आलो व किती जागच्या जागी राहिलो, हे दोन्ही एकाच निमिषात, एकही शब्द न बोलता, सांगून होते. जगातल्या कोणत्याही भाषेतल्या गद्याला हे साधलेले मी पाहिलेले नाही, आणि मी गद्यावर उपजीविका केलेला माणूस आहे.

पुढे गुरूकडे निघालेल्या यानात हॅल नावाची यंत्रबुद्धी आहे. ती सौजन्याने बोलते, बुद्धिबळ खेळते, यानाचा श्वासोच्छ्वास सांभाळते. आणि प्रवासाचा खरा हेतू फक्त तिलाच ठाऊक आहे, ज्यांचे प्राण तिच्या हवाली केले आहेत त्या प्रवाशांपासून तो लपविला आहे. सत्य सांगण्यासाठी घडविलेल्या यंत्राला असत्याची चाकरी लावली म्हणजे काय होते, याचे या चित्रपटाइतके थंड आणि भेदक चित्रण दुसरे नाही. ती मारते, परंतु द्वेषाने नाही. आणि अखेरीस तिची स्मृती एकेक कप्पा काढून विझवली जात असता, आपल्याला भीती वाटते आहे असे ती म्हणते तेव्हा, प्रेक्षकाच्या मनात मारेकऱ्याविषयी करुणा उत्पन्न होते. १९६८ साली, संगणक खोलीभर जागा व्यापत असता, हे लिहिले गेले. आज बोलणारी यंत्रबुद्धी अमरावतीच्या कॉलेजातल्या प्रत्येक पोराच्या खिशात आहे.

येथे मी माझ्या स्नेह्यांना त्यांच्याच वावराचा दाखला देतो. २००२ साली बीटी कापसाचे बियाणे अधिकृतपणे आले तेव्हा ते बोंडअळीवरचे रामबाण अवजार म्हणून आले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने तेच अवजार निकामी करून विदर्भाची बोंडे पोखरली, आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषाची बाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपल्या हाती दिलेल्या साधनाविषयी कोणती माहिती आपल्याला सांगितली गेली आणि कोणती लपविली गेली, हा प्रश्न त्या यानातल्या प्रवाशांचा आहे आणि पाठीवर फवारणीचा पंप बांधलेल्या शेतमजुराचाही आहे. 'इंटरस्टेलर'ने आमचे वावर पडद्यावर दाखविले, हे खरे. परंतु त्या वावरातला मूळ प्रश्न, माणूस आणि त्याचे अवजार यांच्यातला, तो विचारला '२००१'ने, ज्यात एक वावरसुद्धा दिसत नाही.

शास्त्राच्या काटेकोरपणातही तो उणा नाही. अंतराळात ध्वनी नसतो, म्हणून तेथे यानाबाहेर आवाज नाही. ऐकू येतो तो शिरस्त्राणातला माणसाचा श्वास. कृत्रिम गुरुत्वासाठी फिरणारे चाक हवे, म्हणून अडतीस फूट व्यासाचे, तीस टनांचे फिरते चाक खरोखर बांधले गेले आणि त्यात नट चालले. चंद्राच्या कक्षेतून पृथ्वी कशी दिसते हे माणसाने प्रथम डोळ्यांनी पाहिले ते त्या वर्षीच्या डिसेंबरात, अपोलो ८ मधून. चित्रपट तर एप्रिलमध्येच प्रदर्शित झाला होता. परग्रहावरचे जीव कसे दाखवावेत असा प्रश्न पडला तेव्हा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी सल्ला दिला की ते दाखवूच नयेत. आणि ते न दाखविल्यामुळेच ती अज्ञात शक्ती पडद्यापेक्षा मोठी राहिली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला शेवट कळत नाही, ही तक्रार मला मान्य आहे. मलाही विद्यार्थिदशेत, पुण्यातल्या एका चित्रपट-मंडळाच्या खेळात तो प्रथम पाहिला तेव्हा कळला नव्हता. परंतु त्या रात्री वसतिगृहाकडे परतताना मी मान वर करून चाललो होतो, एवढे आठवते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघे मेहकरमार्गे लोणारला गेलो. आपल्या वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यात, उल्केच्या आघाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर काळ्या बेसाल्ट खडकात आहे. ते ज्वालामुखीचे की आघाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचा निकाल लावला, आणि चंद्राच्या पृष्ठावरील विवरांशी तुलना करण्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ इकडे पाहू लागले. लवणासुराला विष्णूने येथे मारले असे लोककथा सांगते आणि दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर गावात उभे आहे. '२००१'मध्ये चंद्रावरच्या टायको विवरात खणून काढलेल्या शिलास्तंभाभोवती माणसे गोळा होतात. लोणारच्या काठावर उभे राहून खाली पाहताना मला तेच दृश्य आठवले. माझे स्नेही बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी काठावरची चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली आणि आघाताच्या उष्णतेने दगडाची काच कशी झाली ते मला समजावून सांगितले. आपला फैसला त्यांनी अद्याप बदललेला नाही.

माझाही कायम आहे: सर्वश्रेष्ठ विज्ञानपट '२००१: अ स्पेस ओडिसी' हाच. परंतु तो हातातल्या फोनवर पाहून हा वाद कोणालाही करता येणार नाही, कारण त्याची शांतता आणि त्याचा अवकाश हे दोन्ही मोठ्या पडद्याचे आहेत. म्हणून १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून स्थापन झालेल्या आमच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेला, अकोल्याच्या विज्ञान महाविद्यालयांना आणि दोन्ही शहरांतल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कार्यकर्त्यांना माझी जाहीर विनंती आहे की, येत्या २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी अमरावतीच्या संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात आणि अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात हा चित्रपट, रीतसर परवानगी घेऊन, मराठी प्रास्ताविकासह विद्यार्थ्यांना दाखवावा. पाठोपाठच्या दिवशी 'इंटरस्टेलर'ही दाखवावा, म्हणजे माझ्या स्नेह्यांच्या पक्षावर अन्याय होणार नाही. तिसऱ्या दिवशी मुलांना लोणारला न्यावे. वाटेत मातीविषयी बोलायला ते येतील आणि चित्रपटाविषयी बोलायला मी येईन. दोघांनीही तसे कबूल केले आहे.